त्वचानिवासी जीवाणूंची आवरणद्रव्ये : प्रस्तावना

मनुष्याच्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म जीवांची वस्ती आहे, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु या वस्तीचा आणि तिच्या यजमानाचा व्यवहार कोणत्या द्रव्यांच्या द्वारे चालतो, शरीर आपल्या या रहिवाशांना कोणत्या खुणेवरून ओळखते, आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षे सलोखा राहिला त्यांच्याच निमित्ताने एखाद्या दिवशी त्वचा लाल होऊन का सुजते व ठणकते, या प्रश्नांचा ऊहापोह सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतो. प्रस्तुत ग्रंथ या प्रश्नांसाठीच लिहिला आहे. जीवाणू जी विषे बाहेर सोडतात त्यांचे विवेचन वैद्यकाच्या पुस्तकांत विपुल सापडते. येथे विचार करावयाचा आहे तो जीवाणूच्या अंगावरच्या आवरणाचा, म्हणजे त्याची पटले, त्याची भित्तिका आणि त्या भित्तिकेत रोवलेली व तिच्यातून बाहेर डोकावणारी द्रव्ये यांचा. ही द्रव्ये जीवाणू कोणाला इजा करण्याच्या हेतूने बनवीत नाही. त्यांच्यावाचून त्याला जगताच येत नाही, म्हणून तो ती बनवितो. असे असूनही त्यांच्यातील एखादा कणभर तुकडा शरीराच्या खोल भागी पोहोचला की तेथे मोठी खळबळ उडते. ही खळबळ कशामुळे उडते, आणि बहुतेक वेळा ती का उडत नाही, हा या ग्रंथाचा गाभा होय.

प्रथम दाह या अवस्थेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदवून ठेवली, आणि रोग्याच्या अंगावर दिसणाऱ्या या चिन्हांत आजही काही फेरफार करावा लागलेला नाही. फरक पडला तो त्यांच्या उपपत्तीत. सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात म्हणून लाली व उष्णता येते. त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो म्हणून सूज येते. रक्तातील श्वेतपेशी त्या जागी धावून जातात. आणि या धामधुमीत निर्माण होणारी द्रव्ये मज्जातंतूंच्या टोकांना चेतवितात म्हणून ठणका लागतो. यांपैकी एकही क्रिया जीवाणूच्या हातची नाही. सर्व क्रिया शरीराच्या स्वतःच्या आहेत. दाह हा शरीराने केलेला बंदोबस्त आहे, आणि कोणत्याही बंदोबस्ताप्रमाणे तो वेळेवर व बेताने झाला तर रक्षण करतो, अवेळी किंवा बेसुमार झाला तर ज्याचे रक्षण करावयाचे त्याचीच नासाडी करतो. तेव्हा जीवाणूने काय केले, एवढे विचारून भागत नाही; शरीराने कशाची दखल घेतली आणि ती कोठे घेतली, हे विचारावे लागते.

जीवाणूंच्या आवरणाचा इतिहास एका रंगापासून सुरू होतो. १८८४ साली बर्लिन येथे कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली काम करणारे हान्स क्रिश्चन ग्राम हे डॅनिश वैद्य, न्यूमोनियाने मृत झालेल्यांच्या फुप्फुसांच्या चकत्यांत जंतू स्पष्ट दिसावेत म्हणून निरनिराळ्या रंगांचे प्रयोग करीत होते. जेन्शियन व्हायोलेटचा जांभळा रंग, त्यावर आयोडीन आणि शेवटी अल्कोहोलचे धावन, अशी जी कृती त्यांनी बसविली तिच्यात काही जीवाणू जांभळे राहत आणि काहींचा रंग पार धुऊन जाई. ही पद्धती सदोष व अपुरी असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले होते. रंग टिकणे वा न टिकणे हा सारा आवरणाच्या रचनेचा परिणाम आहे, हे कळण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली. जाड भित्तिका असलेले जीवाणू रंग धरून ठेवतात. ज्यांची भित्तिका पातळ असून तिच्याबाहेर आणखी एक स्निग्ध पटल असते ते रंग सोडतात. निरोगी त्वचेवरचे प्रमुख रहिवासी, म्हणजे स्टॅफिलोकोकस, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम आणि मायक्रोकोकस हे चारही रंग धरणाऱ्या वर्गातले आहेत. दुसऱ्या वर्गाच्या बाह्य पटलातील दाहक द्रव्याचा, म्हणजे ज्याला अंतर्विष म्हणतात त्याचा, सुगावा रिचर्ड फायफर यांना १८९२ मध्ये पटकीच्या जंतूंवर काम करताना लागला, आणि पुढे पाऊणशे वर्षे दाहविषयक संशोधनाचा बराचसा ओघ त्या एकाच द्रव्याकडे वाहत राहिला. त्वचेवरच्या जीवाणूंजवळ बहुधा हे द्रव्य नसल्यामुळे त्यांच्या आवरणाची चौकशी मागे पडली, आणि ती जेव्हा सुरू झाली तेव्हा निराळ्याच वाटेने जावी लागली.

त्वचेच्या रहिवाशांपैकी ज्याची ओळख सर्वांत आधी पटली तो स्टॅफिलोकोकस. अ‍ॅबर्डीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पुवात द्राक्षांच्या घोसासारखे जमलेले गोल जंतू पाहिले व लवकरच त्यांचे नामकरण केले. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी त्यांत सोनेरी आणि पांढरा असे दोन प्रकार पाडले. सोनेरी म्हणजे आजचा स्टॅफिलोकोकस ऑरियस, जो करटापासून रक्तदोषापर्यंत नाना व्याधींना कारण होतो. पांढऱ्यातला बहुसंख्य भाग म्हणजे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, जो आपणा सर्वांच्या अंगावर निमूटपणे नांदतो. या सोन्याचा रंगदेखील आवरणाचाच भाग आहे: तो पेशीपटलात बसविलेल्या एका पिवळ्या रंगद्रव्याचा असून, श्वेतपेशी जीवाणूवर ज्या प्राणवायुजन्य दाहक द्रव्यांचा मारा करतात त्यांच्यापासून तो त्याचा बचाव करतो. रोझेनबाख यांनी केवळ ओळखीची खूण म्हणून जे टिपले, ते जीवाणूच्या संरक्षणाचे एक साधन होते.

आता आवरणाच्या घडणीकडे वळू. भित्तिकेचे मुख्य द्रव्य पेप्टिडोग्लायकन. दोन प्रकारच्या शर्करा आळीपाळीने जोडून केलेले लांब धागे, आणि त्या धाग्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, अशी त्याची वीण असते. सुंभाने विणलेल्या बाजेत उभे पीळ आडव्या पिळांनी जखडलेले असतात, म्हणून माणसाचा भार ती पेलते, तद्वत् पेशीच्या आतून बाहेर रेटणारा दाब ही वीण पेलते. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये हे आडवे बंध ग्लायसिनच्या पाच कड्यांचे असतात. पेनिसिलीन नेमके हे बंध जुळू देत नाही, आणि मग वाढू पाहणारा जीवाणू आपल्याच दाबाने फुटतो. ज्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलीनचा छडा लागला, त्यांनीच त्यापूर्वी काही वर्षे, १९२२ साली, नाकातील स्राव, अश्रू इत्यादींमधील लायसोझाइम या विकराचे वर्णन केले होते. हे विकर त्याच विणीतील शर्करांचे धागे कातरते. म्हणजे एकाच शास्त्रज्ञाने एकाच भित्तिकेवरील दोन हल्ले शोधून काढले, एक बुरशीचा आणि एक खुद्द आपल्या शरीराचा. शरीराच्या या हल्ल्याला स्टॅफिलोकोकस ऑरियसने तोडही काढून ठेवली आहे: आपल्या शर्करांवर तो अ‍ॅसिटिल गट चढवितो, आणि मग लायसोझाइमची धार त्यांच्यावर चालत नाही.

या विणीत आणखी द्रव्ये गुंतलेली असतात. ग्लिसरॉल किंवा रिबिटॉल यांचे रेणू फॉस्फेटने एकापुढे एक जोडून झालेली जी लांब माळ, ती टायकॉइक आम्ल. न्यूकॅसल येथील जेम्स बॅडिली आणि त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यातील काही माळा भित्तिकेला जखडलेल्या असतात, तर काहींचे मूळ खाली पेशीपटलात स्निग्ध नांगराने रुतलेले असते, आणि या दुसऱ्या प्रकाराला लायपोटायकॉइक आम्ल म्हणतात. फॉस्फेटमुळे या माळांवर ऋण विद्युद्भार असतो. त्वचेतून व घामातून स्रवणारी जंतुघ्न प्रथिने बहुधा धनभारित असल्यामुळे ती या माळांकडे ओढली जातात. त्यावर स्टॅफिलोकोकस आपल्या माळांना जागोजागी अ‍ॅलनिन जोडून त्यांचा ऋणभार कमी करतो आणि त्या प्रथिनांना दूर ठेवतो. याखेरीज पटलात रुतलेली लायपोप्रथिने असतात, ज्यांच्या एका टोकाला दोन किंवा तीन मेदाम्लांच्या शेपट्या असतात. त्यांचे महत्त्व पुढे येईल. कोरिनेबॅक्टेरियमच्या भित्तिकेबाहेर मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, आणि याबाबतीत तो क्षय व कुष्ठ यांच्या जंतूंचा दूरचा भाऊबंद ठरतो. तैलग्रंथींच्या नलिकांत प्राणवायूवाचून राहणाऱ्या क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेसपाशी नेहमीचे लायपोटायकॉइक आम्ल नसून त्याच्या जागी शर्करा व मेद यांचे एक वेगळे संयुग आहे.

या द्रव्यांची दखल शरीर कशी घेते, हा शोध कितीतरी दिवस अंधारात चाचपडत होता. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेच्निकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचून, त्याच्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहिल्या आणि पेशीभक्षणाचा सिद्धांत मांडला; पण परकी वस्तू परकी आहे हे त्या पेशींना समजते कसे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पुढे ज्यूल्स फ्रॉइंड यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखविले की मृत क्षयजंतू तेलात खलून एखाद्या प्रथिनाबरोबर टोचले, तर त्या प्रथिनाविरुद्ध शरीर फार जोराने उभे राहते. जंतू मेलेला, त्याची विषे निष्प्रभ, तरीही हा जोर कोठून आला? पॅरिसजवळ एडगर लेडरर यांच्या मंडळींनी या जंतूंच्या भित्तिकेचे तुकडे पाडीत पाडीत १९७४ मध्ये त्या सामर्थ्याचा सर्वांत लहान वाटेकरी निश्चित केला: एका शर्करेला दोन अमिनो आम्ले जोडलेला, पेप्टिडोग्लायकनचा केवळ एक कपटा. त्या कपट्याची नोंद घेणारे नॉड-२ हे पेशीच्या आतले प्रथिन २००३ साली उघडकीस आले. एका सुईच्या टोकातील चमत्काराचा खुलासा होण्यास सहा दशकांहून अधिक काळ लागला.

दरम्यान विचारांची दिशा बदलण्याचे काम येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी केले. १९८९ साली कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवादात त्यांनी अशी कल्पना मांडली की, जी द्रव्ये सूक्ष्म जीवांतच सापडतात, प्राण्यांच्या पेशींत कधीच सापडत नाहीत आणि ज्यांच्यात फेरफार करणे त्या जीवांना सहसा परवडत नाही, अशा द्रव्यांना ओळखणारे ग्राही रेणू शरीरापाशी जन्मतःच असले पाहिजेत. पेप्टिडोग्लायकन या अटीत तंतोतंत बसते. या तर्काला पुरावा मिळाला तो फळमाशीत आणि उंदरात. स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखविले की, गर्भाच्या घडणीसाठी प्रसिद्ध असलेला टोल हा जनुक बिघडलेल्या माशा बुरशीच्या संसर्गाने मरतात. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी, अंतर्विषाला दाद न देणाऱ्या उंदरांत टोलसदृश ग्राही क्रमांक चार बिघडलेला असल्याचे सिद्ध केले. या दोघांना आणि राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्वचेवरच्या जीवाणूंच्या दृष्टीने महत्त्वाचा ग्राही मात्र क्रमांक दोनचा: तो लायपोप्रथिनांच्या स्निग्ध शेपट्या पकडतो, तीन शेपट्या असल्यास क्रमांक एकच्या साहाय्याने आणि दोन असल्यास क्रमांक सहाच्या साहाय्याने. हा ग्राही त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन पेशींवर असतो, तसाच खालच्या थरातील भक्षक पेशींवरही असतो. पण दोन्हीकडे त्याच्या सांगण्याचा परिणाम एकच होत नाही, हे पुढे दिसेल.

येथे एका प्रदीर्घ वादाचा निर्देश केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण तो या विषयाच्या अभ्यासकाला सावधगिरी शिकवितो. लायपोटायकॉइक आम्ल हे स्टॅफिलोकोकसचे प्रमुख दाहक द्रव्य होय, असे अनेक वर्षे मानले गेले आणि पाठ्यपुस्तकांतही तसे छापले गेले. पुढे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश गोट्स यांच्या प्रयोगशाळेने आणि जपानी संशोधकांनीही, लायपोप्रथिनांना मेदाम्लांच्या शेपट्या जोडण्याची शक्तीच नष्ट केलेला स्टॅफिलोकोकस वापरून पाहिला. अशा जीवाणूतून काढलेल्या लायपोटायकॉइक आम्लाची दाह उत्पन्न करण्याची ताकद बहुतांशी नाहीशी झालेली आढळली. याचा अर्थ असा की, शुद्ध म्हणून वापरलेल्या द्रव्यात लायपोप्रथिनांचे जे अत्यल्प अंश उरले होते तेच खरे कर्ते होते. दुसऱ्या बाजूने, प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडविलेले लायपोटायकॉइक आम्लही काही प्रमाणात दाहक ठरते, असा दावा मांडला गेला. वादाचे तपशील योग्य त्या प्रकरणी दिले आहेत. येथे इतकेच म्हणावयाचे की, या क्षेत्रात अमुक रेणू अमुक करतो, असे विधान वाचताना तो रेणू कोणत्या जीवाणूतून आणि किती निर्भेळ काढला होता, याचा तपास वाचकाने अगत्य करावा. ग्राही रेणू इतके तिखट असतात की, तराजूला जो अंश कळत नाही तो त्यांना कळतो.

ही सावधगिरी बाळगूनच पुढील शोधाकडे पाहिले पाहिजे. सॅन डिएगो येथील रिचर्ड गॅलो यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे प्रसिद्ध केले की, त्वचेला जखम झाली असता फुटलेल्या पेशींतील आरएनए टोलसदृश ग्राही क्रमांक तीनला चेतवून जो दाह माजवितो, तो स्टॅफिलोकोकसच्या लायपोटायकॉइक आम्लाने आवरला जातो, आणि हा आवर क्रमांक दोनच्या ग्राहीमार्फत घातला जातो. ज्या ग्राहीची ख्याती दाह पेटविणारा अशी, तोच येथे दाह विझविण्याचे काम करीत होता. त्यातही मौजेची गोष्ट ही की, हा शामक परिणाम केराटिन पेशींपुरताच मर्यादित होता. जीवाणू जेथे नित्य असतातच अशा वरच्या थरातील पेशींना त्यांच्या आवरणाचा स्पर्श म्हणजे सर्व काही यथास्थित असल्याचा दाखला वाटतो. जेथे ते कधीही असू नयेत अशा खालच्या थरातील पेशींना तोच स्पर्श म्हणजे हद्द ओलांडल्याची फिर्याद वाटते.

स्थळाप्रमाणे काळाचेही महत्त्व आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसची वस्ती त्वचेवर झाली, तर त्या जीवाणूला सहन करणाऱ्या नियामक पेशी त्वचेत मोठ्या संख्येने येऊन बसतात आणि पुढे त्याच जीवाणूमुळे दाह फारसा होत नाही. तीच ओळख प्रौढपणी प्रथम झाली तर ही सहिष्णुता बाणत नाही. यजमानाच्या आहाराची स्थितीही या हिशेबात धरावी लागते. अमेरिकेतील बेथेस्डा येथे यास्मिन बेल्काइद यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखविले की, कोरिनेबॅक्टेरियमच्या एका जातीचे मायकोलिक आम्ल उंदरांच्या त्वचेतील विशिष्ट प्रतिकारपेशींची संख्या वाढविते, परंतु सामान्य आहारावरील उंदरांत त्यापासून दाह होत नाही. तोच उंदीर मेदयुक्त आहारावर ठेवला की त्याच रेणूच्या निमित्ताने त्वचा सुजते. रेणू बदललेला नाही, जीवाणू बदललेला नाही, बदलली आहे ती शरीराची अवस्था.

आवरण बदलल्याने जीवाणूचे चारित्र्यच पालटल्याचे उदाहरणही आता उपलब्ध आहे. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसच्या भित्तिकेतील माळ ग्लिसरॉलची असते, ऑरियसची रिबिटॉलची. पण इस्पितळांतील गंभीर संसर्गांत आढळणाऱ्या एपिडर्मिडिसच्या काही वाणांनी ऑरियसच्या धर्तीची माळही बनविण्याचे जनुक मिळविलेले आहेत, असे जर्मन व चिनी संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले. अशा वाणांची त्वचेवर वस्ती करण्याची कुवत घटते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून आत शिरण्याची कुवत वाढते. वर्षानुवर्षे निरुपद्रवी म्हणून ज्याची ग्वाही दिली गेली, तो केवळ अंगावरची एक माळ बदलून उपद्रवी झाला.

हे तत्त्व मनात धरून नित्याच्या दोन व्याधींकडे पाहावे. तारुण्यपीटिका, ज्यांना आपण मुरूम म्हणतो, त्यांचे खापर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेसवर फोडले जाते. पण हा जीवाणू बहुतेक सर्व प्रौढांच्या तैलग्रंथींत असतो आणि मुरूम सर्वांना येत नाहीत. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले की, हा जीवाणू क्रमांक दोनच्या ग्राहीमार्फत भक्षक पेशींकडून दाहक द्रव्ये सोडवितो; तेव्हा निर्णायक गोष्ट ही की, नलिकेचे तोंड बुजले, आत स्निग्ध द्रव्य साठले, भिंत फुटली आणि तोवर बंदिस्त असलेली आवरणद्रव्ये खालच्या थरात उतरली. मृत स्वरूपातही या जीवाणूचा प्रभाव इतका की, १९७० नंतरच्या दशकात तो कोरिनेबॅक्टेरियम पार्व्हम या नावाने, प्रतिकारशक्ती चेतविण्यासाठी कर्करोग्यांना टोचून पाहिला गेला. दुसरी व्याधी इसब. येथे आरंभ बहुधा तटातल्या भगदाडापासून होतो: केराटिनचे तंतू एकत्र बांधणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे इसबाचे एक प्रबळ आनुवंशिक कारण असल्याचे स्कॉटलंडमधील डंडी येथे २००६ मध्ये सिद्ध झाले. इसबाच्या चट्ट्यांवर सुमारे ७० टक्के रुग्णांत स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडतो. त्याची लायपोप्रथिने फुटक्या तटातून आत झिरपतात, आतला दाह तट आणखी कमकुवत करतो, आणि कमकुवत तटावर जीवाणूची वस्ती आणखी वाढते. या दुष्टचक्रात कोणत्या ठिकाणी खीळ घालावी, यावर आजच्या त्वचावैद्यकाचे बरेच श्रम खर्च होत आहेत.

कुष्ठरोगाचे प्रकरण या ग्रंथात सर्वांत विस्तृत आहे. त्याचा जंतू, जो गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे पाहिला, तो त्वचेचा नित्याचा रहिवासी नव्हे. परंतु आवरणाच्या बळावर दाहाला चकविण्याची कला त्याच्याइतकी कोणास साधलेली नाही. त्याच्या मेणचट आवरणात एक खास फिनॉलयुक्त मेदशर्करा आहे, आणि ती मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींच्या आच्छादनाला चिकटून जंतूला आत नेते. त्वचेत वेदना नाही, असे असताना बधिर चट्टा हळूहळू पसरत जातो. जपानी वैद्य केन्सुके मित्सुदा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत मृत कुष्ठजंतूंचा द्रव त्वचेत टोचतात: ज्यांच्या शरीरात प्रतिकार जागृत आहे त्यांच्या त्वचेवर काही आठवड्यांनी गाठ उठते, आणि ज्यांच्या अंगी जंतूंचा अपरंपार सुकाळ आहे त्यांची त्वचा निश्चल राहते. द्रव तोच, सुई तीच; उत्तर मात्र शरीरागणिक वेगळे. उलटपक्षी औषधाने जंतू मेल्यावरही त्यांच्या भित्तिकांचे अवशेष अंगात महिनोन् महिने उरतात, आणि काही रुग्णांत त्यांच्या निमित्ताने ज्वर, लाल गाठी व मज्जातंतूंची तीव्र सूज असा उद्रेक होतो; जंतू जिवंत असताना जो दाह झाला नाही तो त्याच्या अवशेषांनी केला. महाराष्ट्राला या रोगाचे दुःख आणि त्यावरील सेवाकार्य दोन्ही परिचित आहेत: वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी आणि वरोड्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगात मज्जातंतूंमध्ये होणाऱ्या बदलांचे जे सूक्ष्म निरीक्षण केले, ते मात्र त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. त्याचा परामर्श येथे मुद्दाम घेतला आहे.

ग्रंथाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या खंडात आवरणाचे रसायन, दुसऱ्यात शरीराचे ग्राही रेणू, तिसऱ्यात एकेका जीवाणूचा आणि एकेका व्याधीचा विचार. ज्याला रसायनाची गोडी नाही त्याने तिसऱ्या खंडापासून वाचन आरंभिले आणि अडेल तेथे मागे वळून पाहिले, तरी चालण्यासारखे आहे. या विवेचनातून निष्पन्न होणारा निर्णय थोडक्यात सांगावयाचा तर तो असा: दाहकता हा रेणूचा अंगभूत गुण नव्हे, तो कोणत्या थरात, किती मात्रेने, कोणत्या वयात आणि कोणत्या अवस्थेतील शरीराला भेटला, यावर ती ठरते. मित्रजंतू आणि शत्रुजंतू अशी जी कायमची वाटणी लोकसमजुतीत आणि जाहिरातींत केलेली असते, तिला या शास्त्रात आधार नाही. अंगावरचे सारे जीवाणू धुऊन काढण्याची हौस जशी अज्ञानमूलक, तशीच बाटलीतील उपकारक जीवाणू अंगाला चोपडून सर्व व्याधी हरण करण्याची आशाही उतावीळपणाची आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये घरगुती साबणांतून काढावयास लावली; साध्या साबणापाण्याहून ती अधिक गुणकारी असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता.

हा ग्रंथ उपचाराचे पुस्तक नाही, हे शेवटी स्पष्ट केले पाहिजे. मुरूम किंवा इसब यांसाठी वाचकाने त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि स्वतःच्या बुद्धीने स्टेरॉइडची मलमे लावीत बसू नये. एका गोष्टीत मात्र जराही विलंब करू नये. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात, आणि हा रोग वेदनेने हाक मारीत नाही. आपल्या किंवा घरातील कोणाच्या अंगावर स्पर्श न समजणारा फिकट अथवा लालसर चट्टा दिसला, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तो दाखवावा. तेथे या रोगावरील बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो, आणि वेळेवर सुरू केल्यास रोग पूर्ण बरा होतो.